हायब्रीड हेड: ज्वारीचे नव्हे, गिटारचे!

सोलापूरच्या माणसापुढे ‘हायब्रीड’ हा शब्द उच्चारला, की त्याच्या डोळ्यांपुढे प्रथम ज्वारी उभी राहते. १९६४ साली ‘सी.एस.एच.-१’ हे ज्वारीचे संकरित वाण आले. पोती भरू लागली, शेतकरी खूश झाला. पण स्वयंपाकघरातून निकाल आला तो असा, की पीक चांगले, मात्र भाकरी खावी ती मालदांडीचीच! तेव्हापासून आमच्याकडे ‘हायब्रीड’ म्हणजे भरपूर, स्वस्त आणि चवीला थोडे उणे, असा एक समज रुजून बसला आहे.

त्यामुळे चिरंजीवांनी एके संध्याकाळी जेवता जेवता, “बाबा, मला हायब्रीड हेड घ्यायचंय,” असे जाहीर केले, तेव्हा आतून त्याच्या आईचा आवाज आला, “अरे, ज्वारी परवाच तर आणली!”

हसणे झाल्यावर खुलासा झाला. त्याला हवे होते ते इलेक्ट्रिक गिटारच्या अ‍ॅम्प्लिफायरचे ‘हेड’. दोन वर्षे शिकवण्या करून त्याने पैसे साठविले होते. रक्कम त्याच्या मानाने मोठी होती, आणि एकदा चुकली की पुन्हा साठवायला आणखी दोन वर्षे लागणार होती. म्हणून खरेदीला मी बरोबर यावे, असा त्याचा आग्रह. मला गिटारमधले ओ की ठो कळत नाही. पण कष्टाचा पैसा खर्चताना काय विचारावे, एवढे बापाला कळते. आम्ही दोघे नवी पेठेत गेलो.

हेड म्हणजे काय?

इलेक्ट्रिक गिटारला पोकळ पोट नसते. तिच्या तारांखाली लोहचुंबक आणि त्यांवर गुंडाळलेल्या बारीक तारेची वेटोळी असतात. तार कंप पावली, की वेटोळ्यात अगदी क्षीण वीज उत्पन्न होते. ती वाढवून स्पीकर हलविण्याइतकी बलवान करणे हे अ‍ॅम्प्लिफायरचे काम. हे काम दोन टप्प्यांत होते. पुढचा टप्पा त्या क्षीण विजेला वळण लावतो. आवाज जाड की पातळ, गोड की खरखरीत, हे बरेचसे तिथेच ठरते. मागचा टप्पा तिला ताकद देतो. स्पीकर आणि यंत्र एकाच पेटीत असले तर तो ‘कॉम्बो’. यंत्र वेगळे आणि स्पीकरची पेटी वेगळी असली, तर त्या यंत्राला ‘हेड’ म्हणतात.

आता हे वाढविण्याचे काम करणारे कारागीर दोन जातींचे. पहिला म्हणजे काचेचा व्हॉल्व्ह. १९०४ मध्ये फ्लेमिंग यांनी पहिला व्हॉल्व्ह केला आणि १९०६ मध्ये ली डी फॉरेस्ट यांनी त्यात तिसरा भाग घालून त्याला क्षीण वीज वाढविण्याच्या मार्गाला लावले. ज्यांच्या घरी जुना रेडिओ होता त्यांना आठवेल: बटण फिरवावे, आत नारिंगी उजेड दिसावा, आणि यंत्र तापेपर्यंत गाण्याची वाट पाहावी! आपल्या देशातही बंगळूरच्या भारत इलेक्ट्रॉनिक्समध्ये १९६१ पासून असे व्हॉल्व्ह तयार होऊ लागले. दुसरा कारागीर ट्रान्झिस्टर. त्याचा जन्म १९४७ च्या डिसेंबरात अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत झाला. आकाराने दाण्याएवढा, तापायची वाट न पाहणारा, वीज थोडी खाणारा. त्याने बघता बघता रेडिओतून व्हॉल्व्हला हुसकावून लावले.

मग गिटारवाल्यांनी या म्हाताऱ्या व्हॉल्व्हला अजून का धरून ठेवावे?

बिघडण्यातली गोडी

याचे उत्तर मोठे गमतीचे आहे. व्हॉल्व्ह चांगला वाजतो म्हणून नव्हे, तर तो चांगला ‘बिघडतो’ म्हणून! कोणत्याही यंत्राला त्याच्या शक्तीबाहेर ताण दिला, की आवाजाची लाट माथ्यावर कापली जाते. साधी ट्रान्झिस्टरची जोडणी ती लाट सुरीने कापावी तशी सपाट कापते; व्हॉल्व्ह मात्र ती हळूहळू दाबत, गोलसर करीत आणतो. कापण्याच्या या फरकामुळे मूळ स्वराबरोबर वेगवेगळे उपस्वर मिसळतात.

तंबोरा ऐकणाऱ्याला हे चटकन उमगेल. षड्जाच्या दुप्पट कंपनांचा उपस्वर म्हणजे वरच्या सप्तकातला षड्जच. तिप्पट कंपनांचा म्हणजे त्याच्या वरचा पंचम. पाचपटीचा म्हणजे त्याहून वरचा गंधार. हे जवळचे नातेवाईक; ते आले तर स्वर भरदार वाटतो. पण लाट एकदम तोडली, की दूरदूरचे, न जुळणारे उपस्वर जोराने घुसतात आणि कानाला कचकच लागते. गिटारवादक व्हॉल्व्हला मुद्दाम थोडा जादा ताण देतो, तो या जवळच्या पाहुण्यांसाठी.

परंतु संपूर्ण व्हॉल्व्हचे हेड म्हणजे घरात हत्ती बांधणे. १०० वॅटचे असे हेड वीसएक किलो भरते, कारण त्याच्या पोटात लोखंडाचे जड ट्रान्सफॉर्मर असतात. व्हॉल्व्ह झिजतात आणि बदलावे लागतात. आज ते मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन येथे तयार होतात; म्हणजे सोलापुरात हवे तेव्हा मिळतीलच असे नाही. यातून मधला मार्ग म्हणून हायब्रीड निघाले: थोडा व्हॉल्व्ह, बाकी ट्रान्झिस्टर.

दिवा कुठे लावलाय?

नवी पेठेतली दिवाळीपूर्वीची गर्दी काय वर्णावी! कापड, चपला, मोबाईल, आकाशकंदील, सगळे एकदम अंगावर येते. त्या गर्दीतून वाट काढीत आम्ही एका गल्लीतल्या दुरुस्तीच्या दुकानात पोचलो. दुकान कसले, पेटीएवढी खोली. पण गृहस्थ असे, की ऐन उमेदीत रेडिओ, नंतर ऑर्केस्ट्रावाल्यांचे अ‍ॅम्प्लिफायर, सगळे त्यांच्या हाताखालून गेलेले. चिरंजीवांनी त्यांच्यापुढे यादी ठेवली. त्यांनी चष्मा कपाळावर चढविला आणि एकच वाक्य बोलले:

“दिवा बघून घेऊ नका साहेब, दिवा कुठे लावलाय ते बघा.”

पुढचा अर्धा तास त्या एका वाक्याचे भाष्य चालले होते. हायब्रीड हे एक यंत्र नव्हे, ती दोन परस्परविरुद्ध कुळे आहेत. अमेरिकेतील म्यूझिक मॅन कंपनीने १९७० च्या दशकात जी हेड काढली, त्यांत पुढे ट्रान्झिस्टर आणि मागे ताकदीला व्हॉल्व्ह होते. इंग्लंडच्या मार्शलने १९९१ मध्ये ‘व्हॉल्व्हस्टेट’ नावाची मालिका आणली, ती याच्या नेमकी उलट: पुढे एक व्हॉल्व्ह, मागे ट्रान्झिस्टर. आजची बहुतेक लहान हायब्रीड या दुसऱ्या कुळातली. ऑरेंज कंपनीचे २०१२ चे ‘मायक्रो टेरर’ हे त्याचे ठळक उदाहरण: एक व्हॉल्व्ह, २० वॅट, आणि वजन किलोच्याही आत!

याहून नवी गोष्ट म्हणजे जपानच्या कॉर्ग कंपनीने नोरिताके कंपनीच्या साहाय्याने २०१५ मध्ये पुढे आणलेला ‘न्यूट्यूब’. जुन्या गणकयंत्रांवर जे हिरवट आकडे उजळत, त्याच विद्येतून केलेला हा चपटा व्हॉल्व्ह. व्हॉक्सच्या ‘एम.व्ही. ५०’ या तळहातावर मावणाऱ्या हेडमध्ये तोच आहे.

“आणि अशीही यंत्रं असतात,” काका म्हणाले, “की व्हॉल्व्ह आहे, पण त्याला विजेचा दाबच पुरेसा दिलेला नाही. उजेड दिसावा म्हणून मागे एक छोटा दिवा चिकटवून ठेवतात. गिऱ्हाईक उजेडाला भुलतं.”

कमी दाबावर चालणारे सारेच व्हॉल्व्ह खोटे असतात असे नव्हे. त्यांचाही एक आवाज असतो. पण शेदोनशे व्होल्टवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची किंमत त्यासाठी मोजू नये, एवढेच.

विचारायचे चार प्रश्न

पहिला प्रश्न वॅटचा. आमचा समज असा, की ४० वॅट म्हणजे २० च्या दुप्पट आवाज. कान असा हिशेब करीत नाही! वॅट दुप्पट केले तर आवाज जेमतेम ‘थोडा मोठा’ वाटतो. कानाला दुप्पट वाटण्यासाठी वॅट सुमारे दहापट करावे लागतात. तेव्हा वॅटमागे धावून पैसे वाढविणे व्यर्थ.

दुसरा प्रश्न ओहमचा, आणि हा सर्वांत महत्त्वाचा. हेडच्या पाठीवर लिहिलेले ओहम आणि स्पीकरच्या पेटीचे ओहम यांचा मेळ बसला पाहिजे. एम.व्ही. ५० चेच पाहा: ४ ओहमच्या पेटीवर ते ५० वॅट देते, ८ ओहमवर २५, आणि १६ ओहमवर साडेबारा. मागे ट्रान्झिस्टर असलेल्या हेडला लिहिल्यापेक्षा कमी ओहमची पेटी कधीही जोडू नये. ते तापून जळते. ८ ओहमच्या दोन पेट्या शेजारी शेजारी जोडल्या की मिळून ४ होतात, हे विसरल्याने कित्येक हेड कामातून जातात. उलट, मागे व्हॉल्व्ह असेल तर पेटी न जोडता ते चालू करू नये. त्याचा ट्रान्सफॉर्मर जाण्याची भीती असते. आणि हेडपासून पेटीपर्यंत जाड तारेची स्पीकरची केबलच हवी, गिटारची बारीक केबल नव्हे.

तिसरा प्रश्न आपल्या विजेचा. परदेशातून कोणी पाहुण्याने प्रेमाने आणलेले अमेरिकी हेड १२० व्होल्टचे असू शकते. ते आपल्या २३० व्होल्टला लावले, की प्रेम आणि हेड दोन्ही संपले. शिवाय मे महिन्यात पारा ४० च्या वर जाणाऱ्या आमच्या गावात यंत्राला वारा लागेल अशी जागा ठेवलीच पाहिजे.

चौथा प्रश्न दुरुस्तीचा. झाकण उघडले तर आतले भाग सुटे बदलता येतील का? व्हॉल्व्ह खोबणीत बसविलेला आहे, की पट्टीवर डाख देऊन पक्का केलेला? मात्र घरच्या कोणीही झाकण उघडू नये. बटण बंद केल्यावरही आतले कंडेन्सर विजेचा मोठा साठा धरून बसतात. तो धक्का जिवावर बेतू शकतो.

पाठ फिरवून परीक्षा

दुकानात दुरुस्त होऊन पडलेली तीन हेड होती: एक संपूर्ण ट्रान्झिस्टरचे, एक हायब्रीड, एक संपूर्ण व्हॉल्व्हचे. काकांनी युक्ती काढली. पेटी एकच, गिटार चिरंजीवांचीच. त्याने भिंतीकडे तोंड करून वाजवायचे आणि काका मागे हेड बदलत राहणार.

हळू, स्वच्छ वाजविताना त्याला तिन्हींतला फरक धड सांगता आला नाही. चेहरा पडला. मग काका म्हणाले, “आता एकच तार जोरात छेड आणि आवाज मरेपर्यंत थांब. मग तीन तारा एकदम वाजव. तिन्ही स्वर वेगळे ऐकू येतात का बघ.” आता मात्र ट्रान्झिस्टरचे हेड त्याने तीनदा अचूक ओळखले; त्यात तिन्ही स्वरांचा कालवा होत होता. हायब्रीडमध्ये तार हलकी छेडली की आवाज निवळे, जोरात छेडली की दाटून येई.

संपूर्ण व्हॉल्व्हचे हेड सर्वांत सुंदर होते, यात शंका नाही. पण तेव्हाच, जेव्हा त्याचा आवाज शेजारच्या चार दुकानांतील माणसे बाहेर येऊन पाहू लागतील इतका चढविला. कारण मागचे व्हॉल्व्ह ताणाखाली आल्याशिवाय ती गोडी उतरत नाही. आमच्या दोन खोल्यांच्या घरात ते हेड जन्मभर कुजबुजतच राहिले असते. हायब्रीडचा व्हॉल्व्ह पुढच्या टप्प्यात असल्याने त्याला हवा तेवढा ताण द्यावा, आणि मागचा आवाज मात्र खोलीपुरता ठेवावा.

परतताना चिरंजीव बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “बाबा, मी नाव बघून घेणार होतो.”

“मीसुद्धा,” मी म्हणालो, “किंमत बघून नको म्हणणार होतो.”

शेवटी पुढे व्हॉल्व्ह असलेले २० वॅटचे एक हायब्रीड हेड मागविले. त्याचे नाव मुद्दाम सांगत नाही. तुमची खोली, तुमची पेटी आणि तुमच्या मुलाचा हात वेगळा. साठविलेल्या पैशांतून थोडे उरले, त्यातून आठ ओहमची पेटी आणि जाड केबल आली.

वसुबारसेच्या संध्याकाळी ते प्रथम लागले. त्याच्या आईने चकलीचा सोऱ्या खाली ठेवून दोन मिनिटे ऐकले. मी विचारले, “कसं काय वाटतं हायब्रीड?”

त्या म्हणाल्या, “मालदांडी नाही, पण भाकरी फुगली की!”