घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता
घोट्याची दीर्घकालीन अस्थिरता म्हणजे पाय मुरगळून वर्ष उलटले तरी घोटा वारंवार लचकणे किंवा पाऊल दगा देईल असे वाटत राहणे. टोकावडे (ता. मुरबाड) परिसरातील बांध व डोंगरवाटांवर ती विशेष जाचक ठरते.

कारणे
सैल झालेला अस्थिबंध हे एकमेव कारण नसते. पावलाची स्थिती मेंदूस कळवणारी संवेदनाही मंदावते, असे फ्रीमन व सहकाऱ्यांनी १९६५ मध्ये मांडले. त्यामुळे केवळ विश्रांती पुरत नाही.

भौतिकोपचार
रुग्ण एका पायावर तोल सांभाळतो. प्रथम सपाट जमिनीवर, मग डोळे मिटून, पुढे डगमगत्या फळीवर. रबरी पट्टा ताणत पाऊल बाहेर वळवल्याने पोटरीचे बाहेरील स्नायू बळकट होतात. हे व्यायाम अनेक आठवडे नियमित करावे लागतात. त्यांनी गुण न आल्यास शस्त्रक्रियेचा विचार होतो.