अमेरिकेत गाडी भाड्याने घेताय? आधी स्वतःची पॉलिसी उघडा!

अमेरिकेतल्या मित्रमैत्रिणींनो, एअरपोर्टच्या काउंटरवर ‘डॅमेज वेव्हर’वर सही करण्याआधी एवढं वाचाच.

🚗 तुमच्या गाडीच्या पॉलिसीत कोलिजन आणि कॉम्प्रिहेन्सिव्ह असेल, तर सहलीसाठी भाड्याने घेतलेल्या गाडीलाही ते बहुतेकदा लागू होतं. धडक बसली तर कोलिजन. चोरी झाली, गारा पडल्या, हरीण आडवं आलं तर कॉम्प्रिहेन्सिव्ह. डिडक्टिबल मात्र तुम्हीच भरायचं. ते ५०० डॉलर आणि दुरुस्ती ३,००० ची असेल, तर विमा कंपनी २,५०० देईल.

🚗 फक्त लायबिलिटी असेल, तर समोरच्याचं नुकसान भरून निघतं, भाड्याच्या गाडीचं नाही.

🚗 खरी मेख पुढे आहे. गाडी गॅरेजमध्ये असताना बुडालेलं भाडं, तिची घटलेली किंमत आणि प्रशासकीय शुल्क अनेक पॉलिसी देत नाहीत. काही क्रेडिट कार्डं यातला थोडा भार उचलतात, पण पूर्ण भाडं त्याच कार्डावर भरलं आणि वेव्हर नाकारला तरच.

🚗 ही पॉलिसी साधारणपणे अमेरिका आणि कॅनडापुरतीच असते. मेक्सिकोत वेगळा विमा लागतो. सुट्टीत गोव्यात सेल्फ-ड्राइव्ह गाडी घेतलीत, तर भाडेकरारच नीट वाचा.

निघण्याआधी एजंटला तीन गोष्टी नक्की विचारा: भाड्याची गाडी कव्हर आहे का? डिडक्टिबल किती? बुडालेलं भाडं मिळेल का? उत्तरं ईमेलवरच घ्या.