मार्गदर्शक कुत्रा : आधी प्रवेशाचा हक्क

दृष्टिहीनांसाठी कुत्रे तयार करणारी पहिली शाळा १९१६ मध्ये जर्मनीतल्या ओल्डनबर्गला, महायुद्धात दृष्टी गमावलेल्या सैनिकांसाठी निघाली. भारतात २०११ च्या जनगणनेत पन्नास लाखांवर दृष्टिबाधित नोंदले गेले, तरी ही पद्धत इथे रुजली नाही. असा कुत्रा सिग्नल वाचत नाही. रहदारीचा कानोसा घेऊन रस्ता कधी ओलांडायचा हे माणूसच ठरवतो. कुत्रा पायरीच्या कडेला थांबतो, अडथळ्याला वळसा घालतो आणि गाडी अंगावर येत असेल तर हुकूम मिळूनही जागचा हलत नाही. मात्र एवढं शिकवूनही दुकानदाराने दारातच अडवलं, तर सारी मेहनत वाया जाते.

पांढरी काठी स्वस्त आहे, हा आक्षेप खरा आहे. बहुतेकांना तीच पुरेल. पण पर्याय असणं हाही हक्कच. भटके कुत्रे मार्गदर्शक कुत्र्यावर धावून येतील, हा आक्षेप अधिक वजनदार आहे. भिलाईच्या टाउनशिपमधले सेक्टरचे रुंद रस्ते सोयीचे असले, तरी तिथेही हा धोका टळत नाही. मात्र नसबंदी आणि लसीकरण नगरपालिकेने करायचंच आहे, त्याचा लाभ सगळ्यांनाच होईल. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मान्य केले. विमानप्रवासाच्या नियमांत मार्गदर्शक कुत्र्याला जागा आहे. तशीच स्पष्ट तरतूद बस, बँक आणि बाजारासाठीही हवी. प्रशिक्षणाचा खर्च त्यानंतरच सार्थकी लागेल.