आधी धोरण, मग यंत्र

आजचे युग संगणकाचे व मोबाइलचे आहे, हे वाक्य आपण प्रत्येक सभेत ऐकतो. ते खरेही आहे. परंतु त्यातून एक चुकीची समजूत पसरली आहे. संगणक आणला किंवा अ‍ॅप तयार करून घेतले की धंदा आपोआप वाढतो, असे पुष्कळांना वाटते. बचत गटाची शिल्लक आधी यंत्रावर खर्च होते आणि त्याच्याकडून कोणते काम करून घ्यायचे, याचा विचार मागाहून होतो. म्हणून हा विषय विद्यार्थ्यांनी व सभासदांनी नीट समजून घेणे जरूर आहे.

व्यवसायाचे धोरण म्हणजे काही अवघड शास्त्र नव्हे. आपला माल कोणासाठी आहे? त्याने तो आपल्याकडूनच का घ्यावा? पैसा कोठून येणार व कोठे जाणार? आणि आज काम नेमके कोठे अडते? या चार प्रश्नांची प्रामाणिक उत्तरे म्हणजे धोरण होय. चौथ्या प्रश्नाचे उत्तर मिळाले की कोणते यंत्र हवे, हे ठरविता येते.

याबाबत आपल्याच राज्यातील वारणानगरचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे तात्यासाहेब कोरे यांनी सहकारी साखर कारखाना उभा केला. १९९८ साली केंद्र सरकार, राज्य सरकार व वारणा समूह यांनी मिळून कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांतील ७० गावांसाठी ‘वायर्ड व्हिलेज’ प्रकल्प सुरू केला. गावांत संगणक केंद्रे निघाली. शेतीचा सल्ला, बाजारभाव असे अनेक हेतू त्यामागे होते. प्रत्यक्षात मात्र केंद्रांचा मुख्य उपयोग कारखान्याच्या कामापुरताच राहिला. आपला ऊस किती भरला, खत किती उचलले, पैसे किती निघाले, एवढेच शेतकऱ्याला हवे होते.

पुढे मायक्रोसॉफ्ट रिसर्च इंडियाच्या संशोधकांनी ही गरज ओळखली. त्यांनी ७ गावांत ८ महिने संगणकाऐवजी मोबाइलवरील एसएमएसचा प्रयोग केला. संगणकावर होणारी सर्व कामे त्यावर झाली. खर्च कमी आला व शेतकऱ्यांना ही पद्धत अधिक सोयीची वाटली. येथे संगणक वाईट होता असे नाही. काम लहान होते आणि त्याच्या मानाने यंत्र मोठे होते, इतकेच.

आता हाच विचार मोलगीला लावून पाहू. आपल्या भागात उन्हाळ्यात कैऱ्या सोलून, फोडी वाळवून आमचूर तयार होतो. समजा, एखाद्या गटाने तो थेट शहरात विकण्यासाठी अ‍ॅप करावयाचे ठरविले. शहरातील ग्राहक पहिल्यांदा विचारील: किती क्विंटल देणार? सगळा माल सारखा पांढरा व कोरडा असेल काय? कोणत्या तारखेला पोहोचेल? याची उत्तरे तयार नसतील तर अ‍ॅपवर मागणी येईल, पण माल जाणार नाही. आणि एकदा निराश झालेला ग्राहक परत येत नाही.

शिवाय, घरात रोख पैशाची निकड असते म्हणून अनेक कुटुंबे मिळेल त्या भावाने बाजारात माल विकतात. ही अडचण भांडवलाची आहे. माल आणताच काही रक्कम हातात ठेवील असा निधी गटाकडे असेल, तरच माल थांबेल व चांगला भाव पाहता येईल. हे काम कोणतेही अ‍ॅप करू शकत नाही. ते गटालाच करावे लागेल.

म्हणून क्रम असा असावा: आधी खरा वजनकाटा, प्रतवारी, कोरडी साठवण, वाहतुकीचा हिशेब व नोंदवही. मग फोनवरून दररोज भावाची चौकशी. व्यवहार वाढून वही अपुरी पडू लागली म्हणजे संगणक. डोंगरातील पाड्यांवर रेंज नेहमी मिळत नाही, हेही यंत्र निवडताना ध्यानात घ्यावे.

याचा अर्थ तंत्रज्ञानाकडे पाठ फिरवावी असा मुळीच नाही. एसएमएसने काय होऊ शकते हे ठाऊक असल्यामुळेच वारण्याचा दुसरा प्रयोग सुचला. तेव्हा विद्यार्थी मित्रहो, संगणक अवश्य शिका. पण त्याबरोबर आपल्या बाजारात एक दिवस बसून कोण काय विकतो, कोणाला, कोणत्या भावाने आणि का, हेही लिहून काढा. गटासाठी यंत्र निवडताना ती वही तुम्हाला उपयोगी पडेल.