बटण दाबलं, हे बोटाला कळलं पाहिजे : कीबोर्डचा टॅक्टाइल स्विच कसा निवडावा, कसा सुधारावा



आजचा विषय जरा वेगळा वाटेल, पण रोजच्या कामाचा आहे. विद्यार्थ्यांची नावं, जन्मतारखा, गुण, दाखले, पोर्टलवरची माहिती हे सगळं आता आपण बोटांनीच लिहितो. घरात कुणी दादा-ताई लिपिक-टंकलेखक पदाची तयारी करत असेल, तर त्यांना मराठीचे मिनिटाला ३० शब्द किंवा इंग्रजीचे ४० शब्द हा वेग गाठायचा असतो. आमच्या खापरखेड्यासारख्या गावात वीज केंद्र आणि कोळसा खाणींच्या आसपास वाढलेली कितीतरी मुलं-मुली या परीक्षा देतात. आपण त्यांना पुस्तकं घेऊन देतो, क्लास लावून देतो. ज्या वस्तूवर रोज दोन तास बोटं आपटायची, तो कीबोर्ड मात्र जो मिळेल तो!

आधी एक नाव टाइप करून बघू. नाव आहे 'सिद्धार्थ'. इनस्क्रिप्ट पद्धतीत ते असं पडतं : स, ि, द, ्, ध, ा, र, ्, थ. म्हणजे नऊ बटणं. त्यात ध आणि थ साठी दोनदा शिफ्ट. पाय मोडायचं चिन्ह इंग्रजी डी च्या बटणावर आहे आणि काना ई च्या बटणावर. दोन्ही डाव्या हाताच्या मधल्या बोटाकडे. म्हणजे या एका नावात तेच बोट तीनदा चालतं. पहिल्या वेळी बटण अर्धवट दाबलं गेलं तर 'सिदधार्थ' होतं, दुसऱ्या वेळी राहिलं तर 'सिद्धारथ'. पडद्यावर घाईत लक्ष गेलं नाही, की तेच दाखल्यावर छापलं जातं. मग पुढे दहावीच्या अर्जाच्या वेळी नावदुरुस्तीसाठी पालकांच्या चकरा सुरू.

म्हणून आजचा मुद्दा एकच : बटण लागलं की नाही, हे डोळ्यांच्या आधी बोटाला कळलं पाहिजे. टॅक्टाइल स्विचचं काम तेच.

टॅक्टाइल म्हणजे नेमकं काय?

आपला नेहमीचा स्वस्त कीबोर्ड रबराच्या पातळ चादरीवर चालतो. बटणाखाली रबराची छोटी टोपी असते. ती दबून खालच्या थराला टेकली की अक्षर उमटतं. नवीन असताना तो ठीक चालतो. रबर थकलं की बटणं मऊ पडतात आणि प्रत्येक बटण तळापर्यंत ठोकावं लागतं.

मेकॅनिकल कीबोर्डमध्ये प्रत्येक बटणाखाली स्वतंत्र स्विच असतो. त्याचे भाग पाचच : खालचं घर, वरचं झाकण, मधला सरकणारा दांडा, स्प्रिंग आणि तांब्याच्या मिश्रधातूची पातळ पाती. दांडा खाली गेला की पातीचे दोन भाग एकमेकांना टेकतात आणि अक्षर उमटतं. जर्मनीच्या चेरी कंपनीच्या एमएक्स स्विचमध्ये दांड्याचा पूर्ण प्रवास ४ मिलिमीटरचा असतो आणि अक्षर साधारण २ मिलिमीटरवरच उमटतं. म्हणजे निम्म्या वाटेत काम झालेलं असतं! उरलेली निम्मी वाट बोट आपलं सवयीनं ठोकत जातं.

आता हे 'निम्म्यावर काम झालं' बोटाला सांगणार कोण? इथे स्विचचे तीन प्रकार पडतात.

१. लिनियर : दांडा सरळ खाली जातो, मध्ये काहीच लागत नाही. उदा. चेरी रेड.

२. टॅक्टाइल : मध्ये एक उंचवटा लागतो. रस्त्यावरच्या गतिरोधकासारखा. तो ओलांडला की समजायचं, अक्षर पडलं. उदा. चेरी ब्राउन, चेरी क्लिअर.

३. क्लिकी : उंचवटाही लागतो आणि 'टिक' असा आवाजही येतो. उदा. चेरी ब्लू.

बँकेत, सरकारी कार्यालयात किंवा टायपिंग इन्स्टिट्यूटमध्ये टिकटिक वाजणारा टीव्हीएस गोल्ड कीबोर्ड तुम्ही पाहिला असेल. त्यात चेरी ब्लू स्विच असतात. टाइपरायटरवर बसलेल्या हाताला तो जवळचा वाटतो, याचं कारणही हेच. गोदरेजनं भारतात १९५५ मध्ये टाइपरायटर बनवायला सुरुवात केली आणि २००९ मध्ये उत्पादन थांबवलं. तोपर्यंतच्या पिढ्यांना बोट आणि कान दोघेही सांगत होते, 'अक्षर उठलं हं!' सपाट कीबोर्डवर हा निरोप हरवला. टॅक्टाइल स्विच तो परत आणतो, आणि शेजारच्याची झोप न मोडता.

१० रुपयांच्या नाण्यांचा प्रयोग

स्विचच्या डब्यावर '५५ सेंटिन्यूटन' असं काहीतरी लिहिलेलं असतं. घाबरू नका. १ सेंटिन्यूटन म्हणजे जवळपास १ ग्रॅम वजनाइतका जोर. आणि १० रुपयांचं नाणं साधारण ७.७ ग्रॅमचं असतं. म्हणून :

६ नाणी = सुमारे ४६ ग्रॅम
७ नाणी = सुमारे ५४ ग्रॅम
८ नाणी = सुमारे ६२ ग्रॅम
९ नाणी = सुमारे ६९ ग्रॅम

एका बटणाच्या आजूबाजूच्या टोप्या काढून घ्या, नाहीतर नाणं शेजारी टेकतं. आता मधल्या बटणावर एकेक नाणं अलगद ठेवत जा. लिनियर स्विच प्रत्येक नाण्यागणिक थोडा थोडा खाली बसेल. टॅक्टाइल स्विच मात्र थोडा दबून अडून राहील आणि एका नाण्याला एकदम खाली उतरेल. तो क्षण म्हणजे उंचवटा ओलांडला! चेरी ब्राउनचा उंचवटा ५५ च्या आसपास असतो, त्यामुळे सातव्या-आठव्या नाण्याला तो उतरायला हवा. क्लिअरचा ६५ च्या आसपास, म्हणजे नववं नाणं. प्रत्येक स्विचमध्ये थोडा फरक असतोच, तेव्हा तीन वेळा करून सरासरी काढा.

चौथी-पाचवीच्या मुलांसोबत हा प्रयोग जरूर करा. वजन, अंदाज, सरासरी आणि आलेख, चारही गोष्टी एका तासिकेत होतात.

कुणासाठी कोणता?

- लहान मुलं : बोटांत जोर कमी असतो. सहा-सात नाण्यांत उतरणारा, हलका उंचवटा असलेला स्विच पुरे. जड स्विच दिला तर मूल पूर्ण मनगट हलवून बटण ठोकायला लागतं आणि ती सवय पुढे मोडत नाही.

- टायपिंगची परीक्षा देणारे : पाच बटणांचा एक शब्द धरला तर मिनिटाला ३० शब्द म्हणजे १५० बटणं, सेकंदाला अडीच. एवढ्या वेगात उंचवटा स्पष्ट हवा, पण दमवणारा नको. मध्यम वजनाचा, सात-आठ नाण्यांचा स्विच बरा. एक लक्षात ठेवा, केंद्रावर कोणता कीबोर्ड समोर येईल हे आपल्या हातात नसतं. म्हणून शेवटचे पंधरा दिवस साध्या कीबोर्डवरही सराव करावा.

- रात्री काम करणारे शिक्षक : घरात लेकरू झोपलेलं असतं. अशा वेळी 'सायलेंट टॅक्टाइल' प्रकार बघा. उदा. बोबा यू-फोर. यात दांड्याला मऊ रबरी गाद्या असतात, म्हणून आवाज दबतो आणि उंचवटा राहतो.

उंचवटा कुठे आहे तेही बघा. काहींत तो दाबायला सुरुवात करताच लागतो, काहींत थोडं खाली गेल्यावर. अक्षर उमटण्याच्या जितका जवळ, तितका बोटाला मिळणारा निरोप खरा. शक्य असेल तर नागपूरला दुकानात जाऊन स्वतः दाबून घ्या. एकच बटण दाबून ठरवू नका, 'विद्यार्थी' हा शब्द वीस वेळा टाइप करा. त्यात दहा बटणं आहेत आणि पाय मोडायचं चिन्ह दोनदा येतं. बोट दमतं का, चिन्ह सुटतं का, ते लगेच कळतं.

घरच्या घरी सुधारणा

आधी कीबोर्ड 'हॉट-स्वॅप' आहे का ते पाहा. असेल तर चिमट्यानं स्विच सरळ उपसता येतो. नसेल तर स्विच डागलेले असतात आणि डाग काढायचं काम सोल्डरिंग येणाऱ्यानंच करावं. कीबोर्डची वायर काढूनच काम सुरू करा. स्विच उघडला की त्याची वॉरंटी सहसा जाते, हेही ध्यानात असू द्या. स्प्रिंग आणि स्विच लहान लेकरांच्या हाती लागू देऊ नका, तोंडात घालतात.

१. वंगण : खरखर जाण्यासाठी. स्विच उघडा आणि बारीक ब्रशनं पातळसा थर द्या. कुठे? खालच्या घरातल्या दोन्ही बाजूंच्या खाचांना, दांड्याच्या बाजूंना आणि स्प्रिंगच्या टोकांना. कुठे नाही? तांब्याच्या पातीला आणि दांड्याच्या त्या दोन पायांना, जे पातीवर घासतात. उंचवटा त्या पायांवरच असतो! तिथे ग्रीस लागलं की उंचवटा गुळगुळीत होतो आणि पैसे देऊन घेतलेला टॅक्टाइल लिनियरसारखा वागतो. क्लिकी स्विचला तर वंगण नकोच, टिक करणारा तुकडा चिकटतो.

यासाठी स्विचचंच पातळ ग्रीस मिळतं, ट्रायबोसिस ३२०३ सारखं. घरातलं खोबरेल तेल लावू नका. ते २४ अंशांखाली गोठतं आणि आपल्याकडे हिवाळ्यात पहाटे काय थंडी असते ते सांगायला नको. शिलाई मशीनचं तेल पसरत जाऊन पातीपर्यंत पोचतं. आणि खापरखेड्यात तर राख आणि धूळ पाचवीलाच पुजलेली. जास्त ग्रीस म्हणजे धुळीला आमंत्रण. कमी लावा, काम झाल्यावर कीबोर्डवर कापड टाका.

२. स्प्रिंग बदलणे : हलकी स्प्रिंग घातली की उंचवटा जास्त उठून लागतो. पण फार हलकी घातली तर दांडा उंचवट्याखाली रेंगाळतो, वर यायला आळस करतो. जड स्प्रिंग बटण झटकन वर आणते, पण बोट दमवते. थोडाच बदल करा.

३. फिल्म : झाकण आणि घर यांच्यात फट असून स्विच डुगडुगत असेल तर मध्ये पातळ प्लास्टिकची चकती घालतात. घट्ट बसणाऱ्या स्विचला तिची गरज नाही, उलट झाकण नीट लागत नाही.

४. बिनखर्चाचा उपाय : कीबोर्डखाली घडी घातलेला टॉवेल. टेबलाचा घणघणाट निम्म्यावर येतो. हा आधी करून बघा!

सगळे स्विच एकदम उघडू नका. ८७ बटणांचा कीबोर्ड, एका स्विचला दोन मिनिटं धरली तरी तीन तास होतात. आधी डी, ई, एफ, जे, के ही पाचच बटणं करा. दोन दिवस वापरा. बोटाला आवडलं तर पुढे जा. परत जोडताना स्विचच्या तळाच्या दोन पिना सरळ आहेत ना, ते बघूनच दाबा. वाकलेली पिन हे 'बटण चालत नाही' याचं नेहमीचं कारण.

शेवटी थोडं खर्चाबद्दल

महागडा स्विच घेतला म्हणजे वेग वाढतो असं नाही. वेग सरावानं वाढतो. स्विचचं काम एवढंच, की सराव करताना बोटाला दर वेळी तोच निरोप मिळावा आणि प्रत्येक बटण तळापर्यंत ठोकावं लागू नये. ज्याचा साधा कीबोर्ड अजून चांगला चालतो, त्यानं तो बदलायची घाई करू नये. ज्याची बोटं संध्याकाळपर्यंत दुखतात किंवा ज्याच्या मजकुरात पाय मोडायची चिन्हं वारंवार सुटतात, त्यानं मात्र आधी नाण्यांचा प्रयोग करावा आणि मगच दुकानात जावं.

आणि कीबोर्ड कितीही चांगला असू द्या, दाखला छापण्यापूर्वी लेकराचं नाव एकदा मोठ्यानं वाचायचं. शक्य असेल तर त्यालाच वाचायला लावायचं. आपल्या नावातला सुटलेला पाय त्याला बरोबर दिसतो.