"पाण्यानं काय होतंय, सलाईन लावा!"

लेकराला जुलाब लागले की घरातलं कुणीतरी हे वाक्य बोलतंच. सलाईन म्हणजे खरा इलाज आणि जलसंजीवनी म्हणजे गरिबाची सोय, हा समज शिकल्यासवरल्या घरांतही ठाण मांडून बसला आहे. तो ऐकून कान किटले आहेत, कारण या वादाचा निकाल लागून पन्नासहून अधिक वर्षं झाली.

ढाक्यात १९६८ साली डेव्हिड नलिन आणि रिचर्ड कॅश यांनी पटकीच्या रुग्णांना मीठ-ग्लुकोजचं पाणी, म्हणजेच जलसंजीवनी, मोजून पाजलं, तेव्हा शिरेतून द्यावं लागणारं द्रव सुमारे ८० टक्क्यांनी कमी झालं. खरी कसोटी लागली १९७१ मध्ये. बांगलादेश युद्धातून आलेल्या निर्वासितांमध्ये पटकी पसरली. पश्चिम बंगालमधल्या बनगावच्या रुग्णालयात फरशीवरही रुग्ण पडलेले, आणि सलाईन संपत आलेलं. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी एका लिटरला २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ आणि अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा हे मिश्रण पिंपांत भरून ठेवलं. ते पाजायचं काम नातेवाइकांकडे दिलं. उरलेलं सलाईन अत्यवस्थ रुग्णांसाठी राखलं. निर्वासितांमध्ये पटकीचा मृत्युदर ३० टक्क्यांच्या घरात होता; महालनबीस यांच्या देखरेखीखाली तो ३.६ टक्के राहिला. आणि हे त्या चिखलात, त्या गर्दीत!

हे घडतं कसं? पटकीचं विष आतड्यातून पाणी बाहेर फेकायला लावतं, पण ग्लुकोज आणि सोडियम जोडीनं आत घेणारी वाट शाबूत राहते. त्या जोडीमागोमाग पाणीही शरीरात शिरतं. म्हणून साखर चवीपुरती नसते आणि प्रमाण अंदाजानं चालत नाही.

मग विश्वास का बसत नाही? कारण जलसंजीवनीनं जुलाब लगेच थांबत नाहीत. आई म्हणते, "पाजलं, तरी होतंच आहे." अहो, मूल दगावतं ते अंगातलं पाणी आणि क्षार गेल्यानं! ते भरून निघालं की जुलाब बहुधा काही दिवसांत आपोआप थांबतात. मूल सुस्त पडलं, पिऊच शकत नसलं, तर मात्र सलाईन हवंच. त्या वेळी क्षणभरही थांबू नका.

इतर समजही निकाली काढू. "उलटी होते, पाजू नका": दहा मिनिटं थांबा, मग चमचा-चमचा पाजा. "दूध बंद करा": अंगावरचं दूध चालूच ठेवा, खाणंही. "प्रतिजैविक द्या": बहुतेक जुलाबांत ते निरुपयोगी असतं, पटकी किंवा रक्ताची आव असेल तर डॉक्टर ठरवतील. "जुलाब थांबवणारी गोळी द्या": लहान मुलांना ती धोक्याची आहे. "शीतपेय किंवा डब्यातला रस चालेल": त्यात साखर फार, मीठ नगण्य, जुलाब वाढू शकतात. झिंकची गोळी मात्र जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ २००४ पासून सुचवतात. तेव्हाच्या शिफारशीत प्रमाण होतं: सहा महिन्यांवरच्या मुलाला रोज २० मिलिग्रॅम, त्याहून लहान बाळाला १०, दहा ते चौदा दिवस. जुलाब थांबले तरी गोळ्या पूर्ण करा.

आणि जलसंजीवनीचं एक लिटरचं पाकीट पेलाभर पाण्यात थोडं थोडं टाकू नका. सगळं पाकीट एक लिटर पिण्याच्या पाण्यात विरघळवा आणि चोवीस तासांत उरेल ते ओतून द्या.