बाहेरची बाधा आणि घरातला माणूस

कर्जत आणि खालापूर तालुक्यांतील डोंगरउतारांवर ज्या ठाकुरवाड्या, म्हणजे ठाकूर आदिवासींच्या वाड्या, वसल्या आहेत, तेथे एखादा माणूस एकाएकी अबोल झाला, रात्र रात्र जागू लागला किंवा समोर कोणी नसताना बोलू लागला, तर त्याला 'बाहेरचं काहीतरी लागलं' असे म्हटले जाते आणि बहुधा डॉक्टरच्या आधी भगताकडे निरोप जातो. भगत म्हणजे देवभूत जाणणारा आणि झाडपाल्याचे औषध देणारा जाणता माणूस. नवस फेडायचा राहिला, रानातल्या एखाद्या स्थानाचा मान चुकला, की अवेळी गेलेला कोणी अतृप्त राहिला, याचा तो तांदळाच्या दाण्यांवरून शोध घेतो आणि मग नारळ, लिंबू किंवा कोंबडीचा उतारा सांगतो.

आजार कशाने झाला आणि कशाने जाईल, याविषयी रुग्णाच्या व त्याच्या माणसांच्या मनात जी समजूत असते, तिला अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ आणि मानववंशशास्त्रज्ञ आर्थर क्लाइनमन यांनी 'स्पष्टीकरणाचे प्रारूप' म्हटले. ठाकुरवाडीतील प्रारूप अंधश्रद्धा म्हणून निकालात काढणे सोपे आहे, पण तसे केल्याने त्यातली एक मोलाची गोष्ट नजरेआड होते. दोष बाहेरच्या शक्तीकडे गेल्यामुळे आजाऱ्याचा स्वभाव किंवा त्याचे घराणे दोषी ठरत नाही, बाधा उतरली की तो पूर्वीसारखा होईल ही आशा टिकते आणि उताऱ्यासाठी भाऊबंद अंगणात जमतात तेव्हा ते दुखणे एकट्याचे राहत नाही. शहरातील सुशिक्षित घरांत याच्या उलट घडताना दिसते. निदान ठाऊक असूनही ते शेजाऱ्यांपासून लपवले जाते, बहिणीचे स्थळ मोडेल म्हणून औषधांची पाकिटे कपाटात दडवली जातात, आणि 'लग्न केलं की सुधारेल' या भरवशावर आणखी एका अजाण व्यक्तीचे आयुष्य त्यात ओढले जाते.

वाडीतल्या समजुतीची मर्यादाही याच परिसरात दिसते. कर्जतजवळच्या वेणगावात 'श्रद्धा' संस्थेचे केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वाटवानी यांनी १९८८ साली सुरू केलेली ही संस्था रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांना उचलून आणते, उपचार करते आणि देशभरातील त्यांच्या गावी पोहोचवते. या कार्यासाठी डॉ. भरत वाटवानी यांना २०१८ चा मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तेथे येणाऱ्यांपैकी पुष्कळांना स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि भ्रम यांमुळे वास्तवाचे भान सुटणारा आजार, असतो आणि औषधांनी त्यांतील अनेकांना आपले नाव-गाव सांगता येऊ लागते. उताऱ्याने हे साधत नाही, आणि उपचाराला जितका उशीर होतो तितका हा आजार आवरणे अवघड जाते.

बाहेरच्या बाधेला माणसाचा चेहरा मिळाला, म्हणजे कोणा एकट्या बाईने चेटूक केले असे ठरले, की तीच समजूत क्रूर बनते. असे आळ घेऊन छळणे महाराष्ट्राच्या २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा ठरले आहे. याच समजुतीतून होणाऱ्या दुसऱ्या छळाला, म्हणजे मनोरुग्णाला साखळीने बांधण्याला, २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने मनाई केली. त्यामागे २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे साखळदंडात अडकलेले २८ रुग्ण आगीत जळून गेले, ही आठवण आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने १९६० च्या दशकाअखेरीस नऊ देशांत सुरू केलेल्या अभ्यासात आग्रा आणि नायजेरियातील इबादान येथील स्किझोफ्रेनियाचे रुग्ण श्रीमंत देशांतील रुग्णांपेक्षा अधिक प्रमाणात सावरलेले आढळले. कारणांबद्दल अजून वाद आहे; तरी कुटुंबाने रुग्णाला कामात आणि नात्यांत धरून ठेवणे हे त्यांतील एक असावे, असे अनेक अभ्यासकांना वाटते. वाडीत ही ताकद आधीपासून आहे, म्हणून भगताला हिणवून गोळ्या देण्यापेक्षा उताऱ्यासोबत गोळ्याही चालू ठेवण्यास घरच्यांना राजी करणे आणि त्यात भगताचीच मदत घेणे अधिक शहाणपणाचे आहे.

हीच सांगड दुर्घटनेनंतरच्या दुःखातही लागते. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यातील इर्शाळवाडीवर दरड कोसळली, २७ मृतदेह हाती लागले आणि ५७ जण मातीखालीच राहिले. मागे उरलेल्या एखाद्याची पाऊस लागताच छाती धडधडू लागली, तर मानसशास्त्र त्याला आघातोत्तर तणाव म्हणेल, आणि वाडीतला एखादा वृद्ध म्हणेल की ज्यांचे क्रियाकर्म नीट झाले नाही ते बोलावत आहेत. त्या घरात गेलेल्या समुपदेशकाने आधी गेलेल्यांची नावे आणि त्यांच्यासाठी करायचे राहून गेलेले विधी विचारावेत, झोपेच्या गोळीचे त्यानंतर पाहावे.